नसलेला कॉम्प्युटर

फिलू, तुझी चिठ्ठी अजून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली आहे. चिकटपट्टीचं एक टोक सुटलंय. पंखा लावला की ती फडफडते आणि दर वेळी मला वाटतं, दाराशी कुणीतरी आलं. खाली तुळिंजचा बाजार दिवसभर ओरडत असतो, समोरच्या इमारतीत लाद्या कापायचं मशीन चालू असतं, पण या सगळ्यातून मला तेवढा एक कागदाचा आवाज बरोबर ऐकू येतो.

शाळेनं वार्षिक अंकासाठी तुझ्याबद्दल माहिती मागितली होती. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, विज्ञान शिकवायच्या आणि पुढे कॉम्प्युटरही. मी सगळं नीट लिहून दिलं. एकही चूक नाही. पाठवण्याआधी वाचून पाहिलं तर त्यात तू कुठेच नव्हतीस. म्हणून हे तुलाच लिहितेय. हे कुणी तपासणार नाही, त्यामुळे पाल्हाळ होईल. तू म्हणायचीस, मराठीच्या बाईंना पाल्हाळ चालत नाही, पण फक्त दुसऱ्याचं.

सोमवारी बावतीसचा फोन आला. तुझा हा भाऊ फोनवर असा बोलतो की उमेळ्याहून तुळिंजला आवाज तसाच पोचावा, मधे फोनची गरजच लागू नये.

“टीचर, फिलूला जाऊन महिना होतोय, येत्या रविवारी चर्चमधी तिची मिस्सा हाय. मिस्सा झाली की सगळे नातेवाईक घरी येतील. आयेनं सांगितलेलं ती लिहीत होती ना, त्याच्या प्रती काढून सगळ्यांना देऊया म्हणतो. तुमच्याकडं असंल.”

“सीडी आहे माझ्याकडे,” मी म्हटलं.

“मग काय, झालं काम!”

झालं काम म्हणे. हातात सीडी असणं आणि तिच्यातलं वाचता येणं यांच्यामध्ये केवढा पसारा असतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार? काही महिन्यांपूर्वी मलाही नव्हतं. पण मी त्याला “देते” म्हणून मोकळी झाले. मिस्सेला तुझे चुलते, मावस भावंडं, सगळे असतील, आणि त्यांना द्यायला तुझ्या हातचं काहीतरी असेल. तुझ्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे एवढंच उरलं होतं.

ती हकिगत मावशींनी सांगितली आणि तू टाइप केलीस. तुझ्या आईला मी पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणत आले. वाडीतलं कुठलं झाड कुणी लावलं, बावखलाच्या तळ्याचं पाणी कुठल्या महिन्यात कुठल्या पायरीपर्यंत यायचं, रहाटाला बैल कुठला होता आणि तो कुणाचं ऐकायचा नाही, घराला एकेक खोली कशी जोडली गेली, कुठल्या खोलीत कोण जन्मलं. शेजारच्या वाड्या एकेक करून बिल्डरकडे जात होत्या आणि मावशी ओट्यावर बसून तोडलेल्या झाडांची नावं घ्यायच्या. तू आत जाऊन टाइप करायचीस, तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर, त्याच जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये ज्यात आपण शाळेच्या प्रश्नपत्रिका काढायचो. मंगळवारी पानं घेऊन माझ्याकडे यायचीस. मग माझं लाल पेन.

त्या फणसावरून आपलं किती वाजलं, आठवतं? मावशी म्हणाल्या होत्या, “फणस धरत नव्हता. मी त्याचं पानी बंद केलं न् रोज सकाळी शिव्या घातल्या. पुढल्या साली असा धरला की फांद्यांना टेकू द्यायला लागले.” मी समासात लिहिलं, पुरावा?

“आई म्हणाली, हाच पुरावा,” तू म्हणालीस.

“अगं, विज्ञानाची शिक्षिका ना तू?”

“शाळेत. घरी मी तिची मुलगी.”

मी ते वाक्य खोडलं. पुढच्या मंगळवारी तू ते पुन्हा घालून आणलंस. मी पुन्हा खोडलं. असं किती मंगळवार चाललं देव जाणे. खोटं वाक्य मी कधी पुढे जाऊ दिलं नाही, फिलू. मुलांच्या निबंधात नाही, मुख्याध्यापकांच्या अहवालातही नाही. एवढ्या एकाच गोष्टीचा मला गर्व होता, आणि तुला तो शुद्ध हट्ट वाटायचा. त्या फणसाचा निकाल लागायचा राहूनच गेला.

मावशी गेल्या आणि घराच्या पश्चिमेकडच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. त्यांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर तू मला त्या खोल्या दाखवायला नेलंस. जसं काही मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. भिंतींना नवा रंग दिला होतास. खिडकीतून केळीची बाग दिसत होती. एका भिंतीला पुस्तकांसाठी फळ्या मारून घेतल्या होत्यास. तुझ्याकडे पुस्तकं होती किती? पाठ्यपुस्तकं, बायबल आणि स्वयंपाकाचं एक. त्या फळ्या कुणासाठी आहेत हे मला उंबऱ्यातच कळलं होतं.

“मालू, तू इकडे राहायला ये,” तू म्हणालीस. “किती दिवस तो तिसरा मजला चढणार आहेस? दार वेगळं आहे, चूल वेगळी मांड. मासळीच्या वासानं कुरकुरशील, ते मी ऐकून घेईन. येशील?”

मी म्हटलं, “चहा गार होतोय.”

चहा गार होतोय! आयुष्यभर भाषा शिकवलेल्या बाईचं हे उत्तर. आपण ओट्यावर आलो, चहा प्यालो, आणि बावतीसची धाकटी मुलगी रिक्षा बघून आली.

तुझी विचारायची पद्धत मला माहीत होती. वर्गात तू प्रश्न एकदाच टाकायचीस आणि मुलांकडे बघत उभी राहायचीस, खडू हातात धरून. पुन्हा विचारायचं नाही, हिंट द्यायची नाही. मुलं चुळबुळ करायची, शेवटी कुणीतरी बोलायचं. मला तू तसंच विचारलंस. त्या दिवशी वाट पाहिलीस, पुढच्या मंगळवारी पाहिलीस, त्याच्या पुढच्याही. मी दर मंगळवारी काहीतरी दुसरं काढायचे. वीजबिल, गुडघे, सोसायटीची मीटिंग.

आता तू ऐकत नाहीस तर कारणं सांगते. फ्लॅट माझा स्वतःच्या कमाईचा, तो सोडवत नव्हता, हे एक. माझे दोघे भाऊ काय म्हणतील, तुमच्या वाडीतले काय म्हणतील, दोन म्हाताऱ्या मास्तरणी, एक देवळातली आणि एक चर्चमधली, हे दुसरं. ही दोन्ही कारणं मी स्वतःला इतकी वेळा सांगितली की पाठ झाली. खरं कारण वेगळंच होतं. मला सवय होण्याची भीती वाटत होती. सकाळी उठून तुझा आवाज ऐकायचा, संध्याकाळी तुझ्याशी भांडायचं, आणि मग एक दिवस ते नसायचं. एकटीनं राहायचं मला चांगलं जमत होतं, आणि मी म्हटलं, जमतंय ते कशाला बिघडवा? बघ काय झालं. सवय करून घेतली नाही आणि तू गेल्यावर व्हायचं ते सगळं झालंच.

मग तुझा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं त्याची डिस्क तेवढी वाचवून दिली आणि म्हणाला, मॅडम, याचे पार्ट आता मिळत नाहीत. माझा कॉम्प्युटर नवा होता, तुझ्याच आग्रहानं घेतलेला, पण तुझा तो जुना मराठी प्रोग्रॅम त्याच्यावर चालेचना. हकिगत उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मावशी चौकोनांत बोलत होत्या.

तू हरणारी नव्हतीस. एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता आलीस, पिशवीत वाडीची केळी आणि दोन सीडी. तीन जिने चढून धापा टाकत होतीस, तरी आधी खुर्ची ओढलीस.

“आपण ह्याच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवायचा,” तू म्हणालीस.

“पोटात म्हणजे?”

“एक प्रोग्रॅम आहे. तो कॉम्प्युटर असल्याचं सोंग करतो. ह्याच्यातलीच थोडी मेमरी त्याला द्यायची, थोडी जागा डिस्क म्हणून द्यायची. मग त्याच्यावर जुनी विंडोज टाकायची. जुन्या विंडोजला वाटतं, आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. मग माझा प्रोग्रॅम चालेल.”

“म्हणजे खोटा कॉम्प्युटर.”

“खोटा नाय गो. नसलेला. फरक आहे.”

“कसला फरक?”

“खोट्यावर काम होत नाही. ह्याच्यावर होतं.”

उत्साहात आलीस की तुझ्या जिभेवर घरची बोली यायची. मग तू मला ती दुसरी गंमत दाखवलीस. जुन्या विंडोजच्या सीडीवर ओरखडे पडत चालले होते, म्हणून ती पार निकामी व्हायच्या आत तू तिची अख्खी नक्कल करून एका फाइलमध्ये ठेवली होतीस. जशीच्या तशी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तुझा प्रोग्रॅम आणि हकिगत होती त्या दुसऱ्या सीडीचीही तशीच. ती फाइल त्या नसलेल्या कॉम्प्युटरला दाखवायची आणि सांगायचं, ही घे सीडी. तो मुकाट्यानं घेतो. मी म्हटलं, वेडं आहे का ते मशीन? तू म्हणालीस, विश्वासू आहे, तुझ्यासारखं संशयी नाही.

आमच्याकडे तेव्हा दुपारी बारा ते तीन वीज जायची. त्याच्या आत काम उरकायचं होतं. निळा पडदा आला, अटी मान्य आहेत का विचारलं, तू मान्य केल्यास, डिस्क तयार करायला लावलीस आणि फाइली जायला लागल्या. मग तू उठलीस.

“मी बाजारात जाऊन येते. तुळिंजला बोंबील चांगले मिळतात. तू नुसती बघत बस. स्क्रीनवर विचारील ते वाचायचं नि करायचं.”

मी वाचलं आणि केलं. मशीन स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू झालं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, कुठलंही बटण दाबा, आणि तिच्यापुढे एकेक टिंब उमटायला लागलं. मी घाईघाईनं बटण दाबलं. पुन्हा तो निळा पडदा. पुन्हा अटी मान्य आहेत का? मान्य. इथे आधी काहीतरी टाकलेलं दिसतंय, पुसून नवं टाकू का? टाका. मला वाटलं, असंच असेल, एका हातानं भागत नसेल, रंगासारखे दोन हात मारावे लागत असतील. पुन्हा फाइली गेल्या, पुन्हा बंद होऊन चालू, पुन्हा ती ओळ. मी पुन्हा दाबलं. तुला बाजारात कुणीतरी जुनी विद्यार्थिनी भेटली होती आणि तिच्या मुलाच्या मार्कांची चौकशी संपत नव्हती. तू आलीस तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते.

“अजून इथंच?” तू म्हणालीस.

“तिसऱ्यांदा,” मी म्हटलं. मला जरा अभिमानच वाटत होता.

तू माझ्या मागे उभी राहिलीस. मशीन बंद होऊन चालू झालं, ती ओळ आली, माझं बोट पुढे गेलं, आणि तू माझं मनगट धरलंस.

“का दाबतेस?”

“दाबा म्हणतोय.”

“अगं, सीडीवरून सुरू करायचं असेल तर दाबा म्हणतोय! पुढचं वाच की. दाबलंस की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. काही दाबायचं नाही. तो थोडा वेळ वाट बघतो आणि आपल्या वाटेनं पुढे जातो.”

आणि तू हसायला लागलीस. बोंबलांची पिशवी हातातच, मी ती गॅलरीत ठेव म्हणून ओरडतेय, आणि तू पलंगावर बसून पदरानं डोळे पुसतेयस. मलाही हसू फुटलं. दोन तास मी एका मशीनला पुन्हा पुन्हा जन्माला घालत बसले होते. पोट धरून हसलो आपण. फिलू, तेव्हापासून मी हसलेच नाही असं म्हणणार नाही, पण तशी हसलेले नाही.

हसता हसताच तू म्हणालीस, “धन्य आहेस, मालू. माणसानं विचारलं तर गप्प. मशीननं विचारलं की लगेच बोट.”

मग आपण दोघीही थांबलो.

त्याच वेळी वीज गेली. बाराला जायची ती दहा मिनिटं आधीच गेली, त्या दिवशी नेमकी. पंखा थांबला, समोरच्या लाद्या कापायच्या मशीनचा आवाज थांबला, आणि यूपीएस टुकटुक करायला लागला. तू उठून माझ्याकडे बघत उभी राहिलीस, हातात खडू असल्यासारखी. मला सगळं कळत होतं. तोंडात शब्द आला होता, एका अक्षराचा शब्द. मी म्हटलं, “यूपीएस संपेल, बंद कर आधी.”

तू बंद केलंस. मग कागद घेतलास आणि चिठ्ठी लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलीस, सगळ्या पायऱ्या एकाखाली एक. “पुढच्या मंगळवारी पुरं करू. तोवर हात लावू नकोस, तुझा भरवसा नाही,” म्हणालीस. जिन्याच्या वळणावरून हात केलास. बोंबलांचा वास संध्याकाळपर्यंत गॅलरीत होता आणि मी त्यावर कुरकुरले, ऐकायला कुणी नसताना.

शनिवारी बावतीसचा फोन आला. त्या एकाच फोनवर तो हळू बोलला. तू झोपेतच गेलीस म्हणाला.

दफनाला मी शाळेच्या बायकांबरोबर मागे उभी होते. पुढे घरचे होते. मी पुढे कुठल्या नात्यानं उभी राहणार? सहकारी, असं लिहितात ना पेपरात? सहकारी, मित्रपरिवार. मूठभर माती घालायला सगळे रांगेनं गेले, मीही गेले, आणि मागे वळले तर मागच्या बाई माझ्या जागेवर उभ्या होत्या. मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी दाराची कडी काढून बसले. वेडेपणा होता, मला माहीत होतं. साडेदहाला उठून कडी लावली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच केलं. नंतरचंही विचारू नकोस.

बावतीसला शब्द देऊन बसले होते, म्हणून आज सकाळी आंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसले. परीक्षेला बसावं तशी, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून. पंखा बंद केला, चिठ्ठी हलू नये म्हणून. तुझं अक्षर आधी वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. नवं मशीन तयार कर. मेमरी एवढी दे, जास्त नको. डिस्कला एवढी जागा. सीडीच्या जागी ती नकलेची फाइल लाव. चालू कर. तू सांगितलंस तस्सं केलं आणि माझ्या कॉम्प्युटरच्या मधोमध एक लहानशी काळी खिडकी उघडली. तिच्यात तो नसलेला कॉम्प्युटर जागा झाला.

अटी मान्य केल्या. डिस्क तयार केली. फाइली जाताना बघत बसले. मशीन बंद होऊन चालू झालं. मला माहीत होतं आता काय येणार. चिठ्ठीत त्या ठिकाणी तू दोनदा अधोरेखित केलंय, “गप्प बस!!” मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसले.

ओळ आली. कुठलंही बटण दाबा. एक टिंब. दुसरं टिंब. तिसरं. किती सावकाश येतात ती, त्या दिवशी मला घाईत कळलंच नव्हतं. प्रत्येक टिंबाला वाटतं अजून वेळ आहे. चौथं. पाचवं. मग ओळ पुसली गेली आणि मशीन पुढे गेलं.

थोडा वेळ वाट बघतो आणि आपल्या वाटेनं पुढे जातो. असंच म्हणाली होतीस. फिलू, मी तशीच बसून रडले, हात अजून मांडीखालीच. तू एका वर्षाहून जास्त थांबलीस. एकेका मंगळवारी एकेक टिंब टाकत होतीस आणि मी समोर बसून ती मोजत होते.

पुढचं सगळं सोपं होतं, म्हणजे तू सोपं करून ठेवलं होतंस. मशीन म्हणालं, एकोणचाळीस मिनिटं लागतील. मी भात टाकून आले. मग त्यानं परवान्याची पंचवीस अक्षरं मागितली. चिठ्ठीत तुझा आठ आणि इंग्रजी बी सारखाच दिसतो. दुसरं कुणी असतं तर अडकलं असतं. मी तुझा फळा इतकी वर्षं वाचलाय, मला एकदाही अडखळायला झालं नाही. मग त्यानं नाव विचारलं. चिठ्ठीत लिहिलंय, “नाव तुझं घाल.” एवढी एक सूचना मी मोडली. आता तो कॉम्प्युटर चालू केला की वर तुझं नाव येतं.

मग ती पहिली नक्कल काढून दुसरी लावली, तुझ्या प्रोग्रॅमची आणि फाइलींची. हातात काही नसताना एक सीडी काढायची आणि दुसरी घालायची, याची मला अजून गंमत वाटते. प्रोग्रॅम बसला. फाइल उघडली. आणि चौकोन नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत, मावशी बोलायला लागल्या.

मी वाचत गेले. बावखल, रहाट, तो आडमुठा बैल. लाल पेन हातात होतं, सवयीनं. फणसापाशी आले तर ते वाक्य होतंच, शिव्यांसकट. मी निदान सहा वेळा खोडलेलं. तू शेवटच्या प्रतीत ते पुन्हा घालून ठेवलं होतंस आणि मला सांगितलं नव्हतंस. मी पेन खाली ठेवलं. राहू दे. धरला असेल फणस शिव्यांनी. ऐकून घेतं कुणी कुणी.

शेवटच्या पानावर घर होतं, खोली खोलीनं. पुढच्या खोलीत बावतीस जन्मला. मधल्या खोलीत आजोबा गेले. आणि सगळ्यांत शेवटी, मावशींच्या बोलण्यात नसलेली, तुझी स्वतःची एक ओळ. पश्चिमेकडच्या दोन खोल्यांत आधी आजी राहायची, मग आई. आता तिथे, आणि पुढे टिंबं, आणि टिंबांपुढे “राहते”.

टाइप करताना अर्धवट राहिलं असेल, असं मला क्षणभर वाटलं. मग मी टिंबं मोजली. दहा होती. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात दहाच टिंबं असली पाहिजेत, नऊ नाहीत, अकरा नाहीत, यावरून मी तुला पंधरा वर्षं छळलं. तू चिडायचीस, म्हणायचीस, टिंबं मोजणारी बाई जगात एकच आहे. तिच्यासाठीच ती जागा सोडली होतीस. तोंडानं पुन्हा विचारलं नाहीस, पण प्रश्न कागदावर ठेवून गेलीस. या पानाच्या तपासणीला आपण बसणारच होतो, त्या मंगळवारी नाही तर पुढच्या.

खरं उत्तर मला येत होतं. तिथे कुणी राहत नाही. खिडक्या बंद असतील. फळ्यांवर धूळ असेल. किंवा ती ओळच काढून टाकावी, बावतीसला कळणारही नाही. खाली बाजार चालू होता, भात करपल्याचा वास यायला लागला होता, मी उठून गॅस बंद केला आणि परत आले. कर्सर त्या टिंबांपाशी उघडझाप करत होता.

मी टिंबं पुसली आणि माझं नाव लिहिलं. वाक्य वाचलं. पश्चिमेकडच्या दोन खोल्यांत आधी आजी राहायची, मग आई. आता तिथे मालती राहते. यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे, फिलू. समासात पुरावा असं लिहावं इतकं खोटं. रविवारी तुझे सगळे नातेवाईक ते वाचतील आणि माझ्याकडे बघतील, आणि बावतीस मोठ्यानं विचारेल, टीचर, हे काय? विचारू दे. त्याला काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. खोटं नाय गो, नसलेलं.

मग मी फाइल बंद करायला गेले. नसलेल्या कॉम्प्युटरनं मधेच एक चौकट पुढे केली आणि विचारलं, केलेला बदल ठेवायचा का? हो किंवा नाही. याच्यापुढे टिंबं नव्हती. हे आपल्या वाटेनं पुढे जाणारं नव्हतं. दिवसभर थांबलं असतं, वीज जाईपर्यंत.

मी पुन्हा मांडीखाली गेलेला हात काढला आणि हो दाबलं.